खड्ड्यातलं जेरिको

देशपांडे सर नवीन माणसाला नाव विचारत नसत, गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची विचारत. मी पुण्याचा म्हटल्यावर स्वतःच "पाचशे साठ मीटर!" म्हणाले आणि मगच हात पुढे केला. साताऱ्यात जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. पत्नी गेल्यावर २०१७मध्ये तीन महिन्यांसाठी आयर्लंडमध्ये लिमरिकला मुलाकडे, म्हणजे माझ्या शेजारी आला होता.

घरात सात वर्षांची नात, इरा. तिला मराठी कळायचं, पण उत्तर अस्सल लिमरिकच्या इंग्रजीत. सरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे.

एकदा ती शाळेतून आली आणि बोलताबोलता "जेरिको" म्हणाली. सर ताडकन उठले. "बायबलमधलं ना? समुद्रसपाटीच्या खाली अडीचशे मीटर! इतक्या खोल दुसरं शहर नाही जगात!"

दिवाळी तोंडावर होती. यंदा रायगड रद्द, किल्ला जेरिकोचा, असं जाहीर झालं. लोक किल्ला उंचावर करतात. सरांनी भाड्याच्या घराच्या हिरवळीत फावड्यानं खड्डा खणला.

"बाबा, घरमालक मला हाकलेल!" मुलगा समीर ओरडला.

"गाढवा, जॉर्डनचं खोरं आहे ते!"

शेजारच्या डबक्यात मीठ ओतून मृत समुद्र झाला. खजुरीच्या जागी कोथिंबीर खोचली. "दहा हजार वर्षांपूर्वी माणूस त्या वाळवंटात का राहिला? झरा होता म्हणून!" असं मला कुंपणावरून तीनदा ऐकवलं. चिखलाच्या तटाच्या आत सिंहासनावर महाराज बसलेच. त्यांच्याशिवाय किल्ला सरांना मान्य नव्हता.

बायबलच्या गोष्टीत शहराला सहा दिवस रोज एक फेरी मारायची, सातव्या दिवशी सात, मग आरोळी ठोकली की तट कोसळतो. शाळा सुटली की आजोबा-नात रेनकोट घालून, हात धरून, चिडीचूप फेरी मारत.

सहाव्या दिवशी मी विचारलं, "सर, एवढे गड सोडून हेच का?"

सर हळूच म्हणाले, "यात सहा दिवस कुणी अक्षर बोलायचं नसतं. तिच्याबरोबर मला तेवढंच जमण्यासारखं होतं हो."

मला एकदम वाईट वाटलं. इतके दिवस मी नुसता हसत होतो.

सातव्या दिवशी सात फेऱ्या झाल्या. सरांनी शंख फुंकला, इरा जीव खाऊन किंचाळली. तट ढिम्म हलला नाही. इरानं आजोबांचा हात ओढला.

"अगेन टुमॉरो, आबा?"

हे इंग्रजी सरांना पहिल्या फटक्यात कळलं. त्यांनी ताबडतोब थापी उचलली आणि तटावर आणखी चिखल चढवायला घेतला.