सरबराईचं मोजमाप

एसेनकुलने ठरवलं होतं एवढंच, की विद्यापीठाच्या संशोधन साहाय्य केंद्रात जायचं आणि दहा मिनिटांत विचारून यायचं. त्याचा प्रबंध गेली अकरा वर्षं चालू होता. (चालू होता म्हणजे कपाटात होता.) नारीन या डोंगरातल्या शहरात समाजशास्त्र शिकवता शिकवता त्याचे केस पांढरे झाले, आणि आता विभागप्रमुख शामशी आगायनी, म्हणजे शामशी सरांनी, त्याला निक्षून सांगितलं होतं, "शनिवारपर्यंत आराखडा आण, सही करतो. रविवारी सकाळी मी राजधानीला, बिश्केकला निघालो, तिथून निवृत्तच. नवा माणूस तुझा विषय रद्द करील, आणि मग नोकरीचंही काही खरं नाही, बाबा."

केंद्रात जाझगुल नावाची तरुण सल्लागार होती. विषय ऐकून ती खूश झाली. डोंगराळ भागातल्या घरांत पाहुणे आले की बायकांचा किती वेळ जातो, असा तो विषय होता.

"छान आहे, आगाय. पण आधी एका घरात मोजून बघा. तक्ता भरा, आराखड्याला जोडा. आणि जिचं काम मोजणार तिची लेखी संमती घ्या हं, तिच्याशिवाय आम्ही पुढे जाऊच देत नाही."

"घर कशाला शोधायचं? माझंच आहे की!" एसेनकुल म्हणाला. शनिवारी शामशी आगायना जेवायला बोलवायचं, जाझगुललाही बोलवायचं, म्हणजे मोजणीही होईल आणि जागच्या जागी सहीही होईल. आपल्या हुशारीचं त्यालाच कौतुक वाटलं.

संमतीपत्रात लिहिलं होतं, की सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न देता, पुढील कामातून बाहेर पडू शकते आणि त्याबद्दल तिला कुणीही बोल लावणार नाही. "पुढील काम" याच्यासमोर रिकामी जागा होती. तिथे "संशोधन" असं लिहायचं असतं. एसेनकुलने झोकदार अक्षरात लिहिलं, "पाहुण्यांची सरबराई".

त्याची बायको बुरुलचा हिने पत्र दोनदा वाचलं. "हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"मग काय!"

तिने सही केली.

शनिवारी बारा वाजता पाहुणे आले. बुरुलचा पहाटेपासून उभी होती. मेंढी शिजत होती, कणकेचे बोरसोक तळून झाले होते, आणि कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आईच्या देखत एसेनकुल घड्याळ घेऊन तिच्या मागे मागे फिरत होता. तिने पीठ मळलं की हा वेळ लिहायचा, ताट उचललं की दारातच उभा राहायचा. तिला दर खेपेला त्याला वळसा घालून जावं लागत होतं.

चहाची पहिली फेरी झाली तशी तो हळूच म्हणाला, "अगं, पुन्हा एकदा ओत ना. घड्याळ सुरू करायचं राहिलं."

बुरुलचाने किटली खाली ठेवली. हात पुसले. सावकाश चालत गेली आणि जाझगुलशेजारी गादीवर बसली.

"मी बाहेर पडले," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कारण विचारायचं नाही. लिहिलंय तसं."

जाझगुलने पत्र मागवून वाचलं आणि गंभीरपणे मान हलवली. "त्यांचा हक्क आहे, आगाय. तक्ता आता मी भरते. सहभागी बदलला, एवढंच."

मग एसेनकुल कामाला लागला. सारखं सारखं ओतायला नको म्हणून त्याने शामशी आगायचा पेला काठोकाठ भरला. नारीनमध्ये शेंबडं पोरही जाणतं, की पाहुण्याला चहा अर्धाच द्यायचा. भरून दिला की त्याचा अर्थ, प्या आणि निघा. म्हातारा पेल्याकडे बघत राहिला. तोवर मटणाचं ताट आलं, आणि थोराला मांडीचं हाड द्यायचं ते गेलं जाझगुलच्या पानात. शामशी आगायना मिळाला मानेचा तुकडा, जो घरची माणसं पाहुणे गेल्यावर खातात.

सही आपल्या डोळ्यांसमोर उठून चाललीय, असं एसेनकुलला वाटलं. कपाळावरून घाम रश्श्यात पडेल की काय अशी त्याची गत झाली.

"सूनबाई," शामशी आगाय शेवटी म्हणाले, "किती वर्षं करतेस हे सगळं?"

"बावीस."

"आणि या माणसांत बसून कधी जेवलीस?"

बुरुलचाने विचार केला. "आजच," ती म्हणाली. एसेनकुलला एकदम फार वाईट वाटलं. बावीस वर्षं ती कुठे बसून जेवते, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

त्याने मांडीचं दुसरं हाड काढलं आणि तिच्या पानात ठेवलं. ते शामशी आगायना द्यायला हवं होतं, हे त्याला ठेवल्यावर सुचलं. पण म्हातारा या खेपेला चक्क हसला.

जेवणं लांबली, गप्पा लांबल्या. सहा वाजता शामशी आगायनी हात उचलून घराला आशीर्वाद दिला आणि आराखडा मागितला. पेन काढलं. तक्ता वाचला. पेन परत खिशात ठेवलं.

"भांडी घासल्याचा वेळ कुठाय? अपुऱ्या तक्त्यावर मी सही करत नाही. सकाळी आठची गाडी आहे, त्याआधी आणून दे. आणि सूनबाई, तू चल आमच्याबरोबर. माझी बायको चहाला वाट बघतेय."

बुरुलचाने रुमाल बांधला आणि पाहुण्यांबरोबर निघून गेली.

एसेनकुलने बाह्या वर केल्या, घड्याळ सुरू केलं आणि नळ सोडला. नळ कोरडा ठाक.

"सहाला पाणी जातं रे," कोपऱ्यातून त्याची आई म्हणाली. "ती रोज तीनला भरून ठेवते."

"मग आज का नाही भरलं?"

"आज तीनला ती पाहुणी होती."

एसेनकुलने दोन बादल्या उचलल्या आणि दारापर्यंत गेला. घड्याळ चालूच होतं. तो जरा घुटमळला.

"अपा, आपल्या गल्लीतला हापसा कुठल्या बाजूला आहे?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. "अरे, याच घरात जन्मलास ना तू?"