सुपडू आप्पांचे चार वाचक

आमच्या समोरचे सुपडू आप्पा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसाकडे बघत नाहीत, मीटरकडे बघतात. माझ्या लेकीच्या साखरपुड्याला आले, तेव्हा दारात मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी. आप्पांनी चष्मा नाकावर सरकवला, मान वर केली आणि विचारलं, "फ्रिज नवा लिधा का ताई?" फ्रिज चारच दिवसांपूर्वी आला होता आणि गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" तर म्हणाले, "मीटरनी फिरती चकती सांगी ऱ्हायनी." पाहुणे माझ्याकडे बघायला लागले आणि मी कसंबसं हसून त्यांना आत ढकललं.

आप्पांनी उभा जन्म शहादा तालुक्यात विजेची मीटरं वाचण्यात घालवला. कोण आकडा टाकतो, कोण मीटरला चुंबक लावतो, हे शोधत दारोदार फिरलेला माणूस. निवृत्त झाले तरी संशय काही निवृत्त झाला नाही. "कायतरी गोम शे" हे त्यांचं पालुपद. दूधवाल्यानं मापाच्या वर धार टाकली, गोम शे. डॉक्टरनं ब्लडप्रेशर नॉर्मल सांगितलं, तर बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "मशीन स्लो शे त्यानं." आमच्या गल्लीतला रस्ता न सांगता दुरुस्त झाला, तेव्हा तर ते तीन दिवस चौकशी करत फिरले. एकदा मी सकाळी सकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तर माझ्याकडे असं बघितलं की मीच त्यांच्या घरात आकडा टाकलाय. "तुले तारीख कशी म्हाईत?" झालं! पुन्हा म्हणून शुभेच्छा दिल्या नाहीत.

तर अशा या आप्पांचा ब्लॉग होता. हसू नका. माझाही आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि संध्याकाळी घरी येऊन 'चुलीपाशी' नावाच्या ब्लॉगवर कळण्याची भाकरी, फुनके, डुबुकवड्या असलं काहीबाही लिहिते. ब्लॉग उघडायचा कसा, हे मी आप्पांना शिकवलं. शिकवताना त्यांनी पासवर्ड टाकायच्या वेळी मला खोलीबाहेर काढलं होतं, तेही सांगून ठेवते.

त्यांच्या ब्लॉगचं नाव 'दारोदार'. जन्मभर ज्या घरांची मीटरं वाचली, त्यातल्या एकेका घराबद्दल लिहायचं. बोलायचे अहिराणीत, पण लिहायचे मात्र थेट ऑफिसच्या मराठीत. "सदर घराचा दरवाजा पूर्वाभिमुख असून कुत्रे चावरे आहे. मीटर स्वयंपाकघरात असल्याने रीडिंग घेताना भरीत भाजल्याचा वास येतो. घरातील आजी प्रत्येक वेळी बिल जास्त आल्याची तक्रार करतात व नंतर भाकरी देतात." बस, एवढंच. पण काय सांगू, लोक वेडे झाले! सुरत, नाशिक, पुणे, पार परदेशात गेलेली आपल्याकडची पोरं रोज येऊन विचारायची, आप्पा, आमचं घर कधी? सारंगखेड्याची वाडी घ्या, म्हसावदचं घर घ्या. दिवसाला पाचशेवर वाचक! माझ्या फुनक्यांना तेव्हा साठ मिळाले तर मी शेजारणीला सांगत सुटायची.

मग हळूहळू वाचक गळायला लागले. कारण उघड होतं. ज्याचं घर येऊन गेलं, तो आईला लिंक पाठवायचा, दोन अश्रू काढायचा आणि निघून जायचा. दुसऱ्याच्या घराशी कुणाला काय देणंघेणं? उरलेले रील बघायला गेले. पाचशेचे शंभर झाले, शंभराचे अकरा.

आप्पांना मात्र हे पटेना. वाचकसंख्येचा आकडा म्हणजे त्यांच्या लेखी मीटर, आणि मीटर कमी फिरलं की चोरी. "कोनीतरी मीटर स्लो करेल शे." आधी मोबाईलच्या दुकानदारावर संशय. मग वायफायवाल्यावर. मग नंदुरबारला राहणाऱ्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यावर, कारण त्यानं लागोपाठ तीन लेखांना अंगठा दिला होता. शेवटी गाडी माझ्यावर आली. एके दिवशी माझ्या ओट्यावर बसून, मीच दिलेला चहा पीत म्हणतात, "ताई, तुन्हा फुनकास्नी मन्हा वाचक खाई टाकात."

मला असा राग आला! म्हटलं, "आप्पा, फुनके खातात लोक. फुनके कुणाला खात नाहीत." तीन दिवस मी बोलले नाही.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की समोरच्या घरातून कुकरची शिट्टी काही ऐकू आलेली नाही. आप्पांना मूलबाळ नाही. त्यांची बायको, आमच्या लीलाकाकू, जाऊन दोन वर्षं झाली. काकू गेल्यावर हा माणूस घरात नुसता बसून असायचा, आणि त्यातून त्यांना ओढून काढलं ते या ब्लॉगनं. लिहायचं म्हणून सकाळी लुना काढायचे, कधी प्रकाशा गावाला, कधी मंदाण्याला जाऊन घर अजून आहे की पडलं ते बघून यायचे, येताना भाजी आणायचे. लेखाखाली काही आलं की त्या दिवशी डाळभात शिजायचा. न आल्या दिवशी चहा-बिस्किटांवर भागायचं. मी आत जाऊन बघितलं तर ओट्यावर बिस्किटाचे पुडे आणि कोरडा कुकर. ब्लॉग बंद पडला तर हा माणूसही बंद पडणार, हे मला तिथंच कळलं.

त्याच संध्याकाळी मी चार वाचक जन्माला घातले.

पहिला मोलगीचा मास्तर. डोंगरातला माणूस म्हणून तो मोजकंच बोलायचा. दुसरा सारंगखेडेकर, याला प्रत्येक लेखात घोडा घालायची खोड. तिसरी एक वाचक, पुणे. ही नुसती "डोळे पाणावले" लिहायची. आणि चौथा सुरतवाला. हा माझा लाडका. लहानपणी सुट्टीत मावशीकडे आलेला, त्यामुळे प्रत्येक घर त्याच्या ओळखीचं निघायचं. दोन महिन्यांत त्याला सात मावश्या झाल्या, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी वहीत गावं लिहून ठेवली होती. कॉलेजातून आले की चहा टाकायचा, घरच्या कॉम्प्युटरवर बसायचं, आप्पांच्या लेखाखाली एकामागून एक चौघांना बोलतं करायचं. मोबाईलवरची अक्षरं माझ्या डोळ्यांना झेपत नाहीत. चौघं आटोपले की समोर शिट्टी व्हायची आणि मी भाजी चिरायला घ्यायची.

पण संशयी माणसाला मदत करणं म्हणजे जळत्या तव्यावरून भाकरी काढणं. आप्पा खूश दिसायचे आणि लगेच भुवया वर. "ह्या सारंगखेडेकरना आडनाव काय?" मला काय ठाऊक, मी म्हणायची. "घोडावाला दिसतोय कुणीतरी." ते माझ्याकडे बघत राहायचे. त्यात त्यांनी एक नवीनच सुरू केलं. संध्याकाळी लाईट गेली की समोरून हाक, "ताई, लाईट शे का?" अहो, समोरासमोर घरं, एकच तार. तुमची गेली तशी माझीही गेली. मला वाटलं, जुनी सवय आहे, जाऊ दे.

एके दिवशी ओट्यावर बसून त्यांनी मला आकडे पकडायची युक्ती सांगितली. म्हणाले, घरातली सगळी बटणं बंद करायची, मेन स्विच खाली ओढायचा, आणि तरी पंखा फिरत राहिला तर समजायचं की वीज दुसरीकडून येतेय. "खोटी रीडिंग मी कधी लिखी नही, ताई. आते बी लिखनार नही. ह्या चार जन खोटा निंघनात तर ब्लॉग बंद." मी हसले आणि कप उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा लेख टाकला. प्रकाशाचं एक घर. "सदर घर तापी नदीकडे तोंड करून आहे. ओट्यावर झोका आहे. अंगणात लिंबाचे झाड असून सावली पुरेशी आहे. मीटर मुद्दाम खाली बसवलेले असल्याने रीडिंग घेणाऱ्यास स्टूल मागावा लागत नाही. मीटरखाली पाण्याचा माठ आहे." मी घाईत होते, गॅसवर कढी उतू चालली होती. मास्तर म्हणाला, छान. पुण्याचे डोळे पाणावले. आणि सुरतवाल्यानं ठोकून दिलं: "वा आप्पा! हे घर मला चांगलं आठवतं. लहानपणी मावशीकडे आलो की त्या घरच्या काकू मला हाक मारून माठातलं पाणी द्यायच्या."

सकाळी रविवार. आप्पा वही घेऊन माझ्या घरी हजर. इस्त्रीचा शर्ट. थेट कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस ताई. सुरतवालाले उत्तर लिखनं शे. मी सांगस, तू टाईप कर."

बसले मी.

"लिख. ते घरच नही."

"म्हणजे?"

"प्रकाशाले असं घर नही शे. मी मनमातून लिखं. मेन स्विच बंद करा मी, ताई. तरी पंखा फिरना."

मेले! आता ब्लॉग बंद, म्हटलं. काहीतरी सावरायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "मोलगीले लाईट व्हती, सुरतले व्हती, पुनाले व्हती. पन आपली गल्लीनी लाईट गई का चारी जन चूप. पहिलाच हप्तामा समजनं माले."

लाजेनं माझे कान तापले. दोन महिने मी घोडे पळवत होते आणि हा माणूस समोरून विचारत होता, लाईट शे का! मी म्हटलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीत आप्पा?"

"बोलतू तर तू बंद करी टाकती."

हे ते मान खाली घालून म्हणाले. मग वही उघडली, मिटली. "पन खोटं ते खोटं. म्हनीसन काल ठरायं, एक डाव पक्कं पकडानं आनि मंग बंद करानं. मंग घर कोनतं लिखू? लोकेसनं मनमातून लिखं तर कोठेतरी खरं निंघी. तर मी आमनं लिखं."

"तुमचं? तुम्ही तर भाड्याच्या दोन खोल्यांत..."

"तुन्ही काकूनं घर शे ते. प्रकाशाले प्लॉट लेयेल व्हता. झोका, लिंबू, बठ्ठं तिनी ठरायेल. मीटर खाले ठेवानं ते बी तिनीच सांगेल. म्हने, तुमनासारखा कोनी उनमातून ई, त्याले स्टूल मांगनं पडाले नको, आनि पानी तठेच ऱ्हावाले जोयजे." त्यांनी वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "मंग ती बिमार पडनी. प्लॉट गया. मंग ती बी गई."

हजारो घरं पाठ असलेल्या या माणसाचं स्वतःचं घर असं होतं, आणि ते त्यानं मला पकडायला वापरलं होतं. मला रडू आवरेना. पदर तोंडाला लावून बसले.

"बांधेलच नही, तर कोन याद करी?" आप्पा म्हणाले. "आनि हाऊ सुरतवाला म्हनस, माले याद शे. म्हनस, काकूनी पानी दिन्हं. वीस डाव वाचं मी रातपासून. खोटं शे. माले म्हाईत शे खोटं शे. पन वीस डाव वाचं."

मी म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं. उत्तरात काय लिहू?"

त्यांनी वही बाजूला ठेवली. मग एकेक शब्द सावकाश सांगत गेले, ऑफिसच्या मराठीत. "सुरतवाले बंधू यांस. आपला अभिप्राय मिळाला. सदर काकूंनी आपणांस पाणी दिले, त्या वेळी त्या काय बोलल्या, हे कृपया कळवावे."

मी टाईप केलं. "पाठव," म्हणाले. पाठवलं. मला वाटलं आता उठतील. पण ते खुर्ची ओढून नीट टेकून बसले. "येऊ दे उत्तर. मी बसस."

काय करणार? त्यांच्या डोळ्यांदेखत मी माझ्या नावातून बाहेर पडले आणि सुरतवाल्याच्या नावानं आत शिरले. आप्पांनी तेवढ्यापुरतं तोंड खिडकीकडे वळवलं. लीलाकाकू दारात आलेल्या कुणालाही काय म्हणायच्या, ते मला ठाऊक होतं. याच गल्लीत, समोरच्या उंबऱ्यात, मी शंभरदा ऐकलं होतं. तेच लिहिलं.

"काकू म्हणाल्या, बस रे बाबा, पाणी पी. आमचे हे रीडिंग घ्यायला गेले आहेत. येतीलच एवढ्यात."

आप्पांनी चष्मा पुसला, पुढं वाकले आणि ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"हां," म्हणाले. "तशीच बोले ती."