कॅमेऱ्याला हळदकुंकू

कॅमेरा पारखावा तर मीच! निदान २००८ साली माझी तशी समजूत होती. द्वारका चौकाजवळ चंदरच्या दुकानात एकाच कंपनीच्या दोन बॉड्या, म्हणजे लेन्सविना नुसते कॅमेरे, होत्या. धाकटी मुठीत अशी बसायची, जणू घरचं खुरपं! थोरली बोजड, पण अंधारात मांजरासारखं बघायची. माझा जीव थोरलीवर जडला होता. दर शनिवारी ऑफिस सुटलं की जाऊन तिला नुसती हातात घ्यायचो.

शेवटी चंदर वैतागला. "दोन्ही घरी ने बाबा! लेन्स एकच देतो, आलटूनपालटून लाव. आवडेल ती ठेव, दुसरी उद्या आण. मात्र जिला काही झालं, ती तुझी!"

तो दिवस खंडेनवमीचा. घरी पोचतोय तोच भारनियमनात दिवे गेले. वा! अंधाराची परीक्षा फुकटात! आईनं समई लावून विळे, खुरपी, फवारणीचा पंप पूजेला मांडला होता. मी धाकटीची लेन्स काढली, तिला तिथंच पाटावर ठेवलं, लेन्स थोरलीला चढवली आणि आईचे फोटो काढत सुटलो.

मागच्या स्क्रीनवर पाहिलं आणि गलबलून आलं. डोळ्यांना समईपलीकडे नुसता अंधार दिसत होता, पण फोटोत आईची सुरकुती न् सुरकुती उजळली होती. ठरलं! थोरलीच ठेवायची!

मग नीट पाहिलं. फोटोत आईचं बोट होतं. बोटाला हळदकुंकू होतं. आणि बोट धाकटीच्या उघड्या तोंडात होतं!

"आई! काय केलंस हे?"

"तुजं हत्यार नाय का ते? आत आरसा हाय, त्याला लावलं. अक्षता बी टाकल्या. आता लय झ्याक फोटू येतील!"

मी धाकटी उलटी करून हलवली. तांदूळ बाहेर आले, कुंकू आणखी आत, फोटो उमटतो तिथवर गेलं.

दसऱ्याला चंदरनं आत डोकावून हात जोडले. "पूजा झालेली वस्तू मी परत घेत नसतो. थोरली दे इकडं."

देववेना हो! त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोत एक ठिपका येतो. कधी नवरदेवाच्या कपाळावर, कधी विहिणीच्या नाकावर. थोरलीनं काढलेला आईचा समईतला तो फोटो तेवढा बिनठिपक्याचा, म्हणून बैठकीत लावलाय. पाहुणे बघतात आणि म्हणतात, "कॅमेरा भारी आहे हं तुमचा!"

मी "हो" म्हणतो आणि चहा सांगायला आत जातो.