गुलाबआप्पांचे आतले कामगार

गुलाबआप्पा वाटी घेऊन दारात उभे राहिले, की समजावं, त्यांना विरजण हवंय. त्यात विशेष काही नाही. आमच्या पाटसला विरजण मागायला कुणीही कुणाच्याही दारात जातं. पण ते वाटीत पडण्याआधी आप्पा घरातल्या माणसांची उलटतपासणी घेतात. "सकाळी पोट साफ होतं का? चालता किती? जुलाब शेवटचं कवा झालं?" माझ्या बायकोनं, सुनंदानं, भरलेला चमचा परत पातेल्यात टाकला आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, बरं केलंस.

हा माणूस साखर कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढून घरी बसला. म्हणजे बसायला हवा होता. साठी ओलांडल्यावर यानं अर्धी चड्डी चढवली आणि कालव्याच्या रस्त्यानं पळत सुटला. पळणं तरी कसलं, दावं तोडून गेलेल्या म्हशीमागं माणूस जातो तसलं. मी विचारलं, "आप्पा, या वयात कशाला?"

"सर, म्या कुठं पळतोय? पळणारे आत हायत. म्या नुसता मालक."

आत म्हणजे पोटात. लांब पल्ला पळणाऱ्यांच्या आतड्यातले जंतू वेगळे असतात आणि ते पळायला बळ पुरवतात, असं त्यांनी मोबाइलवर कुठंतरी वाचलं होतं. तेव्हापासून त्यांच्या पोटात जंतू राहिले नाहीत, कामगार भरती झाले. पोट गुडगुडलं की "भोंगा झाला". ढेकर आला की "पाळी सुटली". बिघडलं की "संप". मी शाळेत विज्ञान शिकवतो. असं संशोधन चाललंय हे मला ठाऊक आहे, पण ते अजून कच्चं आहे, आणि खाल्लेल्या दह्यातले जंतू आतड्यात मुक्काम ठोकतीलच असं नाही, हे मी त्यांना पाऊण तास समजावलं.

"बराबर हाय," आप्पा म्हणाले, "म्हनून तर कामगार चांगल्या घरचं पायजेत."

चांगलं घर म्हणजे चालणाऱ्याचं. मेंढरं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एका कुटुंबाकडून त्यांनी किटलीभर ताक आणलं. ते पिऊन पळाले आणि सहाव्या किलोमीटरला उसाच्या फडात शिरले. मग सायकलवरून दूध घालणाऱ्या एकाच्या घरचं दही आणलं. ते बारा किलोमीटर टिकलं. प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी असायची, कुणाच्या घरचं आणि संप कितव्या किलोमीटरला. शेवटी त्यांना कासुर्डीला एक म्हातारी सापडली, ऐंशीच्या पुढची, यवतच्या बाजाराला अजून पायी जाणारी. जन्मात पोट दुखलं नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं म्हणे. तिचं विरजण आप्पांनी एसटीत मांडीवर धरून आणलं.

"ह्यो लॉटच येगळा हाय, सर. ह्येच्यावर दौंडच्या शर्यतीत एकवीस किलोमीटर काढायचं. बिगर संपाचं."

"एकवीसच का?"

"तेवढं झालं की खात्री."

कसली खात्री, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. घरात मालनकाकू, त्यांची बायको, दिवाळीपासून आजारी होत्या. टायफॉइड झाला, दवाखाना झाला, जालीम औषधं झाली. ताप गेला, पण बिघडलेलं पोट काही रुळावर येईना. पेजेपलीकडे काही टिकत नव्हतं. औषधांनी आतलं चांगलंही धुऊन नेलंय, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बाई वाळून खाटेला लागली होती आणि नवरा स्वतःच्या पोटाचे लाड पुरवत कालव्यावर पळत होता. मी तोंडावर बोललो, "आप्पा, लाज वाटायला पाहिजे."

"व्हय," आप्पा म्हणाले आणि बुटाची नाडी बांधायला लागले.

शर्यतीच्या दिवशी मी मोटारसायकलवरून दौंडला गेलो. मदतीला नव्हे, फजिती बघायला. अठराव्या किलोमीटरला आप्पा थांबले. एक हात पोटावर, डोळे मिटलेले. शेजारी ऊस उभाच होता. मी मोठ्या आनंदानं गाडी कडेला लावली. "काय आप्पा, झाला ना संप?"

"गप ऱ्हावा, सर. ऐकतोय."

मिनिटभर ऐकलं आणि पुन्हा निघाले. पोचले तेव्हा मांडववाले कापड सोडत होते. एक बाई गळ्यात घालायला मेडल घेऊन आली, तर आप्पा तिला ओलांडून माझ्या गाडीवर येऊन बसले. "सर, बिगीनं घरला चला."

घरी येऊन त्यांनी हात धुतले, सकाळी स्वतः ज्यातलं खाऊन गेले होते तेच कासुर्डीच्या दह्याचं गाडगं काढलं, दोन चमचे दही मऊ भातात कालवलं आणि खाटेशी बसले. मी दारातच थांबलो.

"मालन, ऊठ. एकवीस किलोमीटर पळून आलंय ह्ये. पळताना पोटाचं रगात पायात जातं, चांगल्या-चांगल्यांचं बिघडतं. ह्येनं दगा दिला न्हाई. आता तुला चालंल."

"आन् मेंढरवाल्यांचं?" काकूंनी विचारलं.

"ते सहालाच पडलं. तुला कसं दिऊ?"

काकूंनी चार घास खाल्ले. आप्पा ताटली धरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, बॉयलरच्या काट्याकडे बघत असतील तसे. मला माझीच लाज वाटली. नवऱ्याच्या पोटात टिकलं म्हणून बायकोच्या टिकेल, हे कुठल्याच विज्ञानात बसत नाही. तरी मी पाण्याचा तांब्या काकूंच्या हाताशी नेऊन ठेवला.

ते चार घास टिकले. तिसऱ्या दिवशी मी आपण होऊन आमच्या विरजणाची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेलो. "आप्पा, आमच्या घरचं. पुढच्या खेपेला बघा."

आप्पांनी वाटी घेतली, वास घेतला आणि चष्मा लावला. "सकाळी पोट साफ होतं?"

मास्तरानं खोटं कसं बोलावं? "रोज नाही," मी म्हणालो.

"चालता किती?"

"शाळेपर्यंत जातो. गाडीवर."

आप्पांनी वाटी हळूच माझ्या हातात परत ठेवली.

"मग ऱ्हाऊ द्या, सर," ते म्हणाले. "तिच्यासाठी हाय."