तठे भरीत भेटी का?

धर्मेंद्रला हैदराबादेत नोकरी लागली, तेव्हा पगाराची चौकशी कोणीच केली नाही. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू लीलाधरभाऊ, यांनी खालच्या आवाजात एवढंच विचारलं, "तठे भरीत भेटी का?"

प्रश्न गंभीर होता. ज्या शहरात भरीत मिळणार नाही, वांगं धड भाजता येणार नाही, तिथे पोरानं जन्म काढायचा कसा?

भावकीने तातडीने 'वास्तव्ययोग्य शहर निवड समिती' नेमली. अध्यक्षपद ओघानेच माझ्याकडे आलं. दर हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला दोनशे माणसांची वांगी हा उखर्डूनानाच भाजतो, हे अख्ख्या अमळनेर तालुक्याला ठाऊक आहे. कपाशीच्या काड्यांचा जाळ आमचा, बडजीत, त्या लाकडी होडग्यात, ठेचणं आमचं, फोडणीही आमचीच. बायकांना त्या दिवशी पूर्ण आराम. त्या फक्त दोनशे माणसांच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतात.

अडचण एकच होती. धर्मेंद्रचा साखरपुडा झाला होता, आणि त्याची होणारी बायको ज्योत्स्ना आधीपासून हैदराबादेतच नोकरीला होती. पण नोकऱ्या काय, छप्पन मिळतात. वांग्याचं तसं नाही, बाप्पा!

समितीने स्थळपाहणी केली. धर्मेंद्रच्या फ्लॅटच्या बाल्कनीत आम्ही गावाहून नेलेल्या काड्या पेटवल्या. वांगं जरा कुठे शेकायला लागलं, तोच भोंगा कोकलला, वॉचमन बादली घेऊन धावला आणि अख्खी इमारत जिन्याने खाली उतरली. सेक्रेटरी तेलुगूत बरंच बोलले. ते भरिताचं कौतुक नसावं. मी अहवालात नोंदवलं, 'सदर शहर आगीस अकारण घाबरत असून मनुष्यवस्तीस अयोग्य आहे.'

बेंगळुरूत वांगं जांभळं निघालं. नापास. पुण्यात मात्र हिरवं वांगं मिळालं, कळण्याचं पीठ मिळालं, आणि गच्चीवर धूर करू देणारा घरमालकही मिळाला. तो भुसावळचा होता. पुणं एकमताने मंजूर झालं. धर्मेंद्रने पुण्यात नोकरी शोधावी आणि ज्योत्स्नाने आपली सोडावी, कारण भरिताला घरात माणूस लागतं, असा ठराव झाला.

तिला बोलावून मी तो वाचून दाखवला. पोरीनं सगळं ऐकून घेतलं.

"नाना, शेतात दोनशे माणसांचं भरीत कोण करतं?"

"मी!"

"मग धर्मेंद्रला शिकवा ना. आम्ही दोघंच तर असणार."

लीलाधरभाऊंना ठसका लागला. धर्मेंद्रने मोबाइलमध्ये तोंड घातलं. मलाच समजवावं लागलं, "पोरी, शेतात करतो ती परंपरा. घरात करतात तो स्वयंपाक. शिकलेली ना तू? एवढंही कळू नये?"

तिने धर्मेंद्रकडे पाहिलं. तो काही बोलेल म्हणून बराच वेळ पाहिलं. मग बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि त्याच संध्याकाळी हैदराबादची गाडी धरली.

धर्मेंद्र आता पुण्यात असतो. भरीत त्याला येत नाही, म्हणून रोज बाहेरून बिर्याणी मागवतो. हैदराबादी. पोरगं वाळलंय, बघवत नाही. समिती दुसरी मुलगी शोधते आहे.

तुम्ही हसताय? हसा. पण तुमची बदली झाली, तेव्हा नोकरी कोणी सोडली होती, एवढं आत स्वयंपाकघरात विचारून या. आणि हो, माझ्यासाठी चहा टाकायला सांगा.