मोठ्या बाई आणि फिरती खुर्ची

"यंदाच्या पालकसभेत एक जरी पालक जांभई देताना दिसला ना, तर शिकवणं सोडून देईन!" विज्ञानाच्या बाईंनी घरी जाहीर केलं. तेवढ्यात नवऱ्यानेच जबडा फाडून जांभई दिली. पण तो काही सभेला येणार नव्हता, तेव्हा ती धरली नाही.

बाईंना एवढं स्फुरण चढायला कारणही तसंच होतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सातवीची प्रात्यक्षिकाची तासिका काढून तिथे उजळणी टाकायला निघाल्या होत्या. "प्रयोगात वेळ जातो आणि पडदे जळतात," असं त्यांचं म्हणणं. अहो, एकदाच जळला होता पडदा, तोही अर्धा! बाईंनी रडकुंडीला येऊन विनवण्या केल्या. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "वर्षभर विज्ञानात काय शिकवणार ते पालकांना दाखवा. त्यांना पटलं, तर तासिका राहील."

बाईंचा बेत अगदी साधा. ना आग, ना आम्ल, फक्त एक फिरती खुर्ची! खेळाचे सर दोन्ही हातांत वजनं घेऊन तिच्यावर बसणार. हात पसरले की खुर्ची मंद, हात छातीशी घेतले की जोरात. खुर्ची मोठ्या बाईंच्याच खोलीतली आणली. ती जरा कुरकुरत होती, म्हणून बाईंनी शिवणयंत्राच्या तेलाची अख्खी बाटली तिच्यात रिकामी केली. बाईंचा हातच सढळ!

सभेत खेळाचे सर बसायला वाकले, तोच मोठ्या बाई कडाडल्या, "थांबा! त्या खुर्चीवर आजवर माझ्याशिवाय कोणी बसलेलं नाही!"

"मग तुम्हीच बसा की!" पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले.

झालं! चारचौघांत माघार कशी घेणार? मोठ्या बाई बसल्या. वजनं घेतली. हळूच म्हणाल्या, "काही होणार नाही ना?"

"छे हो! काही म्हणजे काही होत नाही!" म्हणत बाईंनी खुर्चीला एक झोका दिला.

हात पसरलेले होते तोवर सगळं झकास. मग बाई म्हणाल्या, "आता हात जवळ घ्या." मोठ्या बाईंनी घेतले, आणि खुर्ची अशी सुटली की पुढच्या रांगेच्या पदरांना वारा लागला!

"अगं बाई! थांबवा!"

"हात पसरा, मोठ्या बाई! हात पसरा!"

पण घाबरलेलं माणूस कुठे हात पसरतं? त्यांनी वजनं आणखीनच घट्ट कवटाळली. खुर्चीला आणखी चेव आला. त्यात ती जुन्या घडणीची, खाली मळसूत्र असलेली. उलट्या बाजूने फिरवली की बैठक वर चढायची, हे बाईंच्या ध्यानातच नव्हतं.

"अहो, त्या वर का चालल्यात?" आजोबांनी विचारलं.

खरं सांगितलं तर तासिका जायची, म्हणून बाई ओरडल्या, "हा पुढचा धडा! स्क्रू, म्हणजे साधं यंत्र!"

इतक्यात मोठ्या बाईंच्या हातातलं एक वजन निसटलं आणि खेळाच्या सरांच्या बुटावर पडलं. सर एका पायावर नाचू लागले.

"गुरुत्वाकर्षण!" बाई कळवळून म्हणाल्या.

अखेर चार पालकांनी खुर्ची धरली. मोठ्या बाई उतरल्या, दाराकडे म्हणून निघाल्या आणि फळ्याला जाऊन भिडल्या. आणि मग टाळ्यांचा कडकडाट! आजोबा तर उभेच राहिले. "या वयात, पोरांसाठी एवढं! शाळा असावी तर अशी! पुढची सभा कधी?"

जांभई एकालाही आली नव्हती. बाईंना आनंद मावेना.

सभा संपल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. एका हाताने टेबल घट्ट धरलेलं होतं.

"पालकांना पटलंय. तासिका राहील."

"खरंच? अगदी मनापासून आभार, मोठ्या बाई!"

"काही होत नाही म्हणालात. स्वतः बसून पाहिलं असेल ना?"

आनंदाच्या भरात बाईंच्या तोंडून खरं निघून गेलं. "मी? छे! मला साध्या झोपाळ्यावरही गरगरतं!"

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू उमटलं. "मग पहिलं प्रात्यक्षिक उद्याच. सगळ्या सातवीसमोर. बसणार तुम्ही, फिरवणार मी!"