बुधवारच्या सहा बायका

लवू परबला गुरुवारपर्यंत ठरवायचं होतं. कर्जतजवळ भाड्याच्या जमिनीवर त्याचे तीन तंबू होते. आत पलंग, गादी, स्वतंत्र बाथरूम आणि बाहेर दोन खुर्च्या. शहरातल्या ज्या माणसांना रान हवं असतं पण रानाचा त्रास नको असतो, ती तिथे यायची. आणखी तीन तंबू घ्यायचे तर तिथेच मुक्काम ठोकायला हवा, म्हणजे परळच्या कुरिअर ऑफिसातली एकोणीस वर्षांची नोकरी सोडायला हवी. राजीनामा लिहून खिशात तयार होता. तंबूवाल्याने जुना भाव गुरुवारपर्यंतच धरून ठेवला होता.

लवूची आई सुंदराबाई पहिल्यापासून विरोधात. लालबागच्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून तिने अख्ख्या मजल्याला ऐकवलं होतं, "पैशे देऊन तंबूत कोण झोपतलो?"

त्यावर लवूचं एकच उत्तर होतं, भिंतीवरचं कॅलेंडर. शनिवार-रविवारी गिऱ्हाईक असायचंच, पण गेले तीन महिने दर बुधवारी तिन्ही तंबू फुल. बुकिंग आणि पैशांचा हिशेब त्याची बायको कौसल्या बघायची. तिने प्रत्येक बुधवारच्या चौकटीत लाल पेनने लिहिलं होतं, 'लेडीज ग्रुप, सहा जणी'. या लाल शाईच्या जोरावरच तो नोकरी सोडायला निघाला होता.

सोमवारी त्याने तंबूंची देखभाल करणाऱ्या आनंदाला सहज फोन केला.

"बुधवारच्या बायका काय करतात रे दिवसभर?"

"झोपतात, साहेब."

"आणि?"

"उठून जेवतात. मग परत झोपतात. चला, ओढा दाखवतो म्हटलं, तर एक म्हणाली, तूच बघून ये." आनंदा जरा घुटमळला. "अजून एक आहे. पहाटे पाचला उठून पाणी भरतात. तंबूत नळ आहे, चोवीस तास पाणी आहे, किती वेळा सांगितलं. पण नाही. बाहेर झाडाखालच्या नळावर रांग लावतात. बादल्या, टमरेल, चहाची किटलीसुद्धा भरून ठेवतात."

लवूने हे ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या हितेंद्रला सांगितलं. इथेच चुकलं. हितेंद्र असा माणूस, की चहावाल्याने कप काठोकाठ भरला तरी त्याला कटाचा वास यायचा.

"झोपायला एवढं लांब कोण जातं?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "मोठ्या रिसॉर्टने पाठवल्यात. पाणी किती येतं ते मोजतायत. बाजूची जागा घेणार आणि तुझा पत्ता कट."

त्या दिवसापासून लवूला सगळंच संशयास्पद दिसू लागलं. बुधवारी संध्याकाळी त्याने कौसल्येला विचारलं, "हा लेडीज ग्रुप नक्की कुठला?"

"असतो एक," म्हणत ती कोळंबी सोलत राहिली. वर गुणगुणत होती. आई दर बुधवारी अँटॉप हिलला चंपाकडे, म्हणजे लवूच्या बहिणीकडे मुक्कामाला जायची, त्यामुळे घर शांत असायचं. तरीपण कोळंबी सोलताना माणूस गुणगुणतो का, हा प्रश्न लवूला पहिल्यांदाच पडला.

गुरुवारी पहाटे पाचला हितेंद्रची बाईक तंबूंपासून जरा लांब थांबली. दोघे करवंदीच्या जाळीमागे बसले. समोर टॉर्चचे उजेड हलले. खांद्यावर टॉवेल टाकलेल्या सहा बायका नळावर रांगेत उभ्या होत्या आणि पहिली बाई मागच्यांना दटावत होती, "रांग सोडू नको गो, पाणी जातला."

चाळीस वर्षं लवू याच वेळी याच आवाजाने जागा होत आला होता. तो काट्यांनी ओरबाडून घेत उभा राहिला आणि म्हणाला, "आई, इथे पाणी जात नाही."

सहाच्या सहा टॉर्च त्याच्यावर आले. सगळी चाळीतलीच मंडळी. सुभद्राकाकूंनी तर टमरेल पाठीमागे लपवलं.

"तू हंय कित्याक इलस?" सुंदराबाईने उलट विचारलं.

"तू अँटॉप हिलला होतीस ना?"

"चंपाकडे तिची सासू आसा. लालबागात सात माणसां, जो उठता तो माझ्या पायांवरसून जाता." तिचा आवाज उतरला. "हंय माका झोप येता रे."

लवूला भरून आलं. मग आनंदही झाला. "म्हणजे तंबू चालतात. आणि तू म्हणत होतीस, पैसे देऊन कोण झोपणार."

"तां मी आजून म्हणतंय. आमी पैशे खंय दिले? कौसल्या म्हणाली, घरच्यांकडसून कसले पैशे."

लवूने फोन लावला. पलीकडे लालबागच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

"बुधवार सगळे फुकट?" त्याने विचारलं.

"बुधवारी रिकामेच असायचे ना," कौसल्या म्हणाली.

"आणि कॅलेंडरवर फुल?"

"फुल होतेच की. मी काय खोटं लिहिलं?"

लवूने खिशातला राजीनामा चाचपला. मागे हितेंद्र ओंजळीत पाणी घेऊन हुंगत होता. चोवीस तास पाणी, यातच काहीतरी गडबड आहे, असं तो आनंदाला समजावत होता.

"आज गुरुवार आहे, कौसल्या. आणखी तीन तंबू घ्यायचे की नाही, एकदाच काय ते सांग."

पलीकडचा नळ बंद झाला. कौसल्येने नीट विचार केला.

"तंबू राहू देत हो," ती म्हणाली. "आईंचा एक वार वाढवता येतो का, तेवढं बघा."